अंगणात गाणारे पक्षी हवेत ना? मग दाण्यांचा डबा घरातच राहू द्या

2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यात कबुतरांना दाणे घालण्यावरच्या बंदीवरून जे काही रामायण झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच असेल. हायकोर्ट झालं, ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली, प्रकरण पार सुप्रीम कोर्टात जाऊन आलं. तेव्हापासून झालंय असं की कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी नुसता 'पक्षी' शब्द टाइप केला तरी पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते मुक्या जिवांना दाणे घालणं हे पुण्याचं काम, आमच्या आजोबांपासून चालत आलंय, तुम्ही कोण बंद करणारे. दुसरी म्हणते विष्ठेनं फुफ्फुसं खराब होतात, एसीच्या डक्टमध्ये घाण, दंड लावा आणि हे पक्षीबिक्षी प्रकरण एकदाचं संपवा. मग मीटिंग होते, आरडाओरडा होतो, आणि शेवटी नोटीस बोर्डावर एक कागद लागतो की पक्ष्यांना दाणे, पाणी वगैरे काहीही ठेवण्यास सक्त मनाई आहे. दाण्यांबरोबर पाणीपण गेलं, आणि पाठोपाठ तळमजल्यावरच्या कुणीतरी लावलेली अडुळशाची झुडपंपण जातात कारण 'तिकडे पक्षी येतात'.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललाय असं वाटतं. दाणे घालावेत की नाही या एकाच प्रश्नाभोवती सगळे फिरतायत, जणू पक्षी म्हणजे दाणे आणि दाणे म्हणजे पक्षी. माझं म्हणणं सरळ आहे. तुम्हाला घराभोवती दयाळ, बुलबुल, शिंपी, शिंजीर, नाचण, चष्मेवाला, वटवट्या असले गाणारे पक्षी हवे असतील तर दाणे घालणं बंद करा आणि बाग थोडी बिघडू द्या. अळ्या राहू द्या, पालापाचोळा राहू द्या, कोळ्याची जाळी राहू द्या, उन्हाळ्यात पाणी ठेवा. आणि ज्यांना कबुतरं नकोत त्यांनीपण नेमकं हेच करावं.

आधी दाण्यावर येतं कोण ते बघा. ज्वारी-बाजरी, तांदूळ, चणे फोडून खायला तशी चोच लागते, तसं पोट लागतं. कबुतर, होला, चिमणी, मुनिया, पोपट, झाली यादी जवळपास. शिळा भात-चपाती टाकली तर कावळा आणि साळुंकी. आता सकाळी ज्यांचं गाणं ऐकून आपण 'वा' म्हणतो ते आठवा. फेब्रुवारी-मार्च लागला की उजाडायच्या आधी पाण्याच्या टाकीवर बसून जो शीळ घालत सुटतो तो दयाळ, त्याला तुमच्या बाजरीत काडीचा इंटरेस्ट नाही, तो जमिनीवर शेपटी उंच करून पाचोळ्यातले किडे वेचतो. शिंपी अळ्या आणि बारीक किडे खातो. नाचण हवेतल्या हवेत माश्या-डास पकडतो. शिंजीर मध पितो आणि कोळी खातो. तांबट वड-उंबराच्या फळांवर जगतो. बुलबुल फळं आणि किडे. म्हणजे तुम्ही रोज किलोभर धान्य टाकलंत, वर्षभर टाकलंत, तरी यातल्या एकालाही त्याचा उपयोग नाही.

पण दाणे टाकल्यानं नुसता उपयोग होत नाही एवढ्यावर ते थांबत नाही. दाण्यानं कबुतरं वाढतात, कबुतरं वाढली की बाल्कन्यांना नायलॉनच्या जाळ्या लागतात, आणि एकदा जाळी लागली की त्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर यायचा बहुतेक बंदच होतो. आज पुण्यात कुठल्याही टॉवरकडे खालून बघा, पहिल्या मजल्यापासून विसाव्यापर्यंत जाळ्याच जाळ्या. आत हौसेनं लावलेली झाडं आहेत, फुलं आहेत, आणि फुलावर यायला कुणी नाही. ही साखळी कुणी मीटिंगमध्ये मांडतच नाही. दाणेवाले म्हणतात आम्ही पक्ष्यांसाठी करतो, आणि एका जातीच्या पक्ष्यापायी बाकी दहा जातींना दार बंद झालंय हे त्यांच्या गावीही नाही.

आता समोरच्या बाजूचे जे खरंच दमदार मुद्दे आहेत ते घेऊ, कारण टाकाऊ मुद्दे खोडण्यात काही अर्थ नाही.

पहिला मुद्दा म्हणजे परदेशात तर फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्याच्या भांड्यावर, किती सुंदर पक्षी येतात, इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी फीडर आहेत, तिथले लोक काय मूर्ख आहेत का? अजिबात नाहीत. इंग्लंडमध्ये 1890-91 चा हिवाळा भयंकर कडक गेला तेव्हा पेपरांनी लोकांना आवाहन केलं होतं की पक्ष्यांसाठी बाहेर खाणं ठेवा, आणि तिथून ही सवय रुजत गेली. बर्फानं जमीन झाकली, किडे गायब, झुडपांवरची फळं संपलेली, दिवस जेमतेम सात-आठ तासांचा, अशा वेळी टेबलावरचे शेंगदाणे आणि चरबीचा गोळा यानं पक्षी तगतो, हे मान्य. पण आपल्याकडे जानेवारीत बर्फ पडतो का? आपल्याकडे जानेवारीत शेवगा फुललेला असतो आणि त्यावर दिवसभर शिंजिरांची भांडणं चालू असतात, पाठोपाठ काटेसावर, पळस, पांगारा फुलतात. आपल्या पक्ष्याची अडचण वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी नसतं, आणि वर्षभर घरट्याला जागा आणि पिल्लांना किडे मिळत नाहीत. तिथलं औषध इथल्या रोगावर चालवायचं आणि वर म्हणायचं की बघा आम्ही किती पक्षीप्रेमी.

आणि तिथेही सगळं गोड नाही बरं का. 2005-06 च्या सुमारास ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची साथ सुरू झाली, घशात गाठी होऊन गिळता येईना. एकाच फीडरवर, एकाच भांड्यात दाटीनं खाण्यामुळे ती पसरायला मदत झाली आणि ग्रीनफिंच इतका घटला की 2021 मध्ये त्याला तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावं लागलं. 2025 मध्ये तर आरएसपीबी या तिथल्या सगळ्यात मोठ्या पक्षीसंस्थेनं स्वतःच्या दुकानातून सपाट बर्ड टेबलांची विक्री थांबवली. अमेरिकेत 1994 मध्ये हाउस फिंच नावाच्या पक्ष्यात डोळ्यांची साथ आली, तिच्यातही फीडरवरच्या गर्दीचा हात होताच. ज्यांच्याकडून आपण फीडर उचलला ते स्वतःच आता जपून पावलं टाकतायत आणि आपण ऑनलाइन सेलमध्ये 'नेचर लव्हर कॉम्बो' मागवतोय.

दुसरा मुद्दा चिमणीचा. 'चिमण्या तरी दाणेच खातात ना?' हो, मोठ्या चिमण्या खातात. कोकणात नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण दाराला लागायचं आणि त्यावर चिमण्या लोंबकळायच्या हे कितीतरी लोकांनी बघितलंय. तुमच्याकडे चिमण्यांचा थवा टिकून असेल तर तासाभरात संपेल एवढी मूठभर बाजरी ठेवा, माझी काही हरकत नाही. पण पिल्लं? अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस चिमणीचं पिल्लू मुख्यतः किड्यांवर वाढतं, त्याला लागतं मऊ, रसाळ, प्रोटीनवालं खाणं. म्हणजे अळ्या. दाणे भरपूर आणि अळ्या शून्य अशा सोसायटीत चिमणी जगेल पण पिल्लं नीट वाढवू शकणार नाही.

याची एक अख्खी शोकांतिका इतिहासात होऊन गेलीय. 1958 मध्ये चीनमध्ये माओनं चार शत्रू ठरवले, उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमणी का? तर ती धान्य खाते. सरकारी हिशोब सरळ होता, अमुक चिमण्या गुणिले तमुक दाणे. मग गावंच्या गावं थाळ्या-ढोल बडवत बाहेर पडली, चिमण्यांना कुठे बसूच द्यायचं नाही, दमून खाली पडेपर्यंत. पुढे शास्त्रज्ञांनी चिमण्यांच्या पोटातलं खाणं तपासून सांगितलं की बाबांनो, पिल्लं वाढवायच्या दिवसांत या पिकावरचे किडे मोठ्या प्रमाणात खातात. तोवर पिकांवर कीड माजली होती. दुष्काळाची इतरही मोठी कारणं होती, सगळं चिमणीवर ढकलता येणार नाही, पण 1960 मध्ये यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला ही गोष्ट खरी. चिमणी म्हणजे दाणा खाणारं तोंड, एवढंच त्यांना दिसलं. आपण मारत नाही, लाडानं घालतो, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारायचं कारण नाही. पण आपल्यालाही तिचं दाणा खाणारं तोंडच दिसतंय ना?

अळ्यांचं गणित किती मोठं आहे याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. अमेरिकेत चिकडी नावाचा एक चिमुकला पक्षी आहे, आपल्या चिमणीपेक्षाही लहान, त्याच्या पिल्लांची एक खेप वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात असं डग टॅलमी या कीटकशास्त्रज्ञानं मांडलंय. 2018 मध्ये त्याच्या गटानं वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या घरांच्या बागांवर एक अभ्यास छापला. ज्या बागांत स्थानिक झाडझाडोरा सत्तर टक्क्यांच्या खाली होता तिथे चिकडींना आपली संख्या टिकवण्याइतकी पिल्लं वाढवता येत नव्हती. बागा हिरव्यागार होत्या हं, पण बाहेरदेशच्या झाडांच्या, ज्यांची पानं तिथल्या अळ्यांना खाताच येत नाहीत. हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू करा असं मी म्हणत नाही, पक्षी वेगळा, झाडं वेगळी. पण तर्क इथेही तोच आहे की पक्ष्याआधी अळी यावी लागते आणि अळीआधी तिला खाता येईल असं पान.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या रोपापाशी जाऊन पानं उलटी-सुलटी करून बघा. कोवळ्या पानावर पक्ष्यानं शिटल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल, पुसायला बोट लावाल तर हलेल. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन-चार दिवसांत फांदी बोडकी करते. इथे माणसांचे दोन प्रकार पडतात. एक लगेच नीमतेलाचा पंप आणतो. दुसरा शेवटच्या दोन फांद्या आपल्या फोडणीसाठी वाचवून बाकी सोडून देतो, आणि त्याच्याकडे आज ना उद्या शिंपी येतो. अंगठ्याएवढा पक्षी, शेपटी ताठ, आवाज मात्र शरीराच्या दसपट, पानाच्या खालून वर, वरून खाली, एकेक पान तपासत जातो. तिथे त्याला आसरा वाटला तर जवळच्या रुंद पानांच्या कडांना मादी चोचीनं बारीक भोकं पाडते, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा धागा ओढते, धाग्याचं टोक बाहेर पिंजून ठेवते म्हणजे ते निसटत नाही, आणि पानाची पिशवी तयार करून आत घरटं करते. आता सांगा, ज्या सोसायटीत हाउसकीपिंगवाला दर सोमवारी लांब झाडूनं सगळी जाळी काढतो, महिन्याला पेस्ट कंट्रोल होतं आणि झाडाला अळी दिसली की सेक्रेटरीला फोटो जातो, तिथे ती शिवणार कशानं आणि पिल्लांना भरवणार काय?

शिंजिराचंही तेच. लोकांना वाटतं तो फक्त मध पितो, मग साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. त्याच्या पिल्लांना किडे आणि कोळीच लागतात, आणि त्याचं लोंबतं घरटंही कोळ्याच्या जाळ्यानंच बांधलेलं असतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण तो मनाचा आहे. पितृपक्षात काकबळी ठेवणारा, 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' म्हणत पोराला भरवणारा आपला समाज, त्याला एकदम सांगायचं की पक्ष्याला घास देऊ नको, हे कोरडं वाटतं. जैन मंडळींसाठी जीवदया हा वरवरचा छंद नाही, धर्माचा गाभा आहे. आणि एकटे राहणारे कितीतरी आजी-आजोबा आहेत, मुलं अमेरिकेत, दिवसभरात आपली वाट बघणारं कुणी असेल तर ती खिडकीतली पंधरा-वीस कबुतरं. त्यांच्या हातातली पिशवी हिसकावून पाचशेची पावती फाडणं यात मला कसलाही पराक्रम दिसत नाही. नियमवाल्या पार्टीचा सगळ्यात मोठा दोष हाच, त्यांना समोरचा माणूस नुसता उपद्रवी वाटतो.

पण दयेचा मुद्दा आहे म्हणताय तर दयेच्याच हिशोबानं बोलू. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराची गोष्ट बघा. तिथे कबुतरं कमी करायला 1961 ते 1985 या काळात लाखभर कबुतरं मारली, आणि संख्या होती तिथेच, कारण खाणं तेवढंच होतं, रिकाम्या जागा पुन्हा भरत गेल्या. मग 1988 मध्ये त्यांनी धोरण बदललं. पोस्टर लावली, लोकांना समजावलं की तुमच्या खायला घालण्यानंच कबुतरांची खुराड्यासारखी गर्दी होते, त्या गर्दीत रोग पसरतात, पिल्लं हालहाल होऊन मरतात, तेव्हा कबुतरांवर प्रेम असेल तर घालणं थांबवा. सोबत देखरेखीखाली काही कबुतरघरंही ठेवली. चार वर्षांत संख्या साधारण निम्म्यावर आली. मारून जे पंचवीस वर्षांत झालं नाही ते समजावून झालं. आपल्याकडे कबुतरखान्याच्या वादात दोन्हीकडच्या लोकांनी हे उदाहरण चघळायला हवं होतं, पण तेव्हा आपण ताडपत्री मोजत बसलो होतो.

फुफ्फुसांचा मुद्दाही खोटा नाही, कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसांना अॅलर्जीची सूज, होतो आणि तो जुना झाला तर फुफ्फुसं कायमची आखडतात. पण या एका आजाराच्या नावानं सगळ्या पक्ष्यांना हद्दपार करायचं? शिंपी आणि नाचण तुमच्या डक्टमध्ये घर करत नाहीत.

चौथा मुद्दा डेंग्यू. पाणी ठेवू नका म्हणणारे यावर बोट ठेवतात आणि ते बरोबर ठेवतात. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, महापालिकेचे लोक येऊन कुंडीखालच्या थाळ्या तपासतात, अळी सापडली तर दंड होतो, व्हायलाच हवा. पण अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. रोज सकाळी पाणी ओतून, भांडं घासून, नवीन भरलं तर डासाला वेळच मिळत नाही. भांडं मातीचं, पसरट, दोन बोटं खोल, मध्ये एखादा दगड, म्हणजे लहान पक्ष्याला उतरायला जागा. मांजरीला दबा धरता येईल अशा झुडपाला चिकटून ठेवायचं नाही, थोडं मोकळ्यावर ठेवायचं. घासायचा कंटाळा येणार असेल तर मात्र ठेवूच नका, हे मी दाणेवाल्यांना नाही, पाणीवाल्यांना सांगतोय, कारण घाणेरड्या भांड्यातून रोगच पसरतो. सापाचा मुद्दापण याच जातीचा. पाचोळा ठेवला की साप येतील म्हणे. साप येतो उंदरामागे, आणि उंदीर येतो टाकलेल्या दाण्यांमागे आणि उघड्या कचऱ्यामागे. झाडाच्या बुंध्याशी हातभर पाचोळा ठेवायचाय, लहान मुलांच्या घसरगुंडीखाली नाही.

पाचवा मुद्दा असा की बाबा रे, बाग आहेच कुणाकडे? वन बीएचकेवाल्यानं काय करायचं? याला माझं उत्तर असं की बाग तुमच्याकडे आहे, फक्त ती तुमची आहे हे तुम्ही विसरलात. मेंटेनन्समध्ये लँडस्केपिंगचे पैसे जातात ना दर महिन्याला? त्या पैशात काय उभं राहतं ते जरा खाली उतरून बघा. मेक्सिकन लॉन, फॉक्सटेल पाम, डुरांटाची चौकोनी कापलेली कुंपणं, फायकसचे गोळे. दिसायला ब्रोशरसारखं, आणि पक्ष्यांच्या दृष्टीनं जवळपास वाळवंट. पुण्याच्या वेताळ टेकडीवर वनखात्यानं लावलेलं ग्लिरिसिडिया या विदेशी झाडाचं रान तर सगळ्यांच्या परिचयाचं आहे, हिरवं दिसतं म्हणून वर्षानुवर्षं कुणी बोललं नाही. बरं, लावलेलं तसं, आणि ठेवायची पद्धत त्याहून वाईट. पाचोळा रोज ब्लोअरनं उडवून पोत्यात. वाळकी फांदी दिसली की छाटा, आणि त्याच वाळक्या फांदीत तांबट भोक पाडून घरटं करतो. पावसाळ्यापूर्वीची छाटणी बरोबर मे महिन्यात, म्हणजे निम्म्या पक्ष्यांची घरटी झाडावर असताना. धोकादायक फांदी काढायलाच हवी, त्याला परवानगीची पद्धतही आहे, महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. पण 'धोकादायक'च्या नावाखाली अख्खं झाड खुंटासारखं करायचं आणि घरटं पडलं तर 'अरेरे' म्हणायचं हे चालतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणंसुद्धा धरलेलं आहे, हे किती सोसायट्यांच्या कमिट्यांना माहीत असेल? बाल्कनीवाल्यानं निराश व्हायचं कारण नाही, एक मोठ्या कुंडीतली साधी एकेरी जास्वंद, एक कढीपत्ता, एक कोरांटी, एवढ्यावर तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत शिंजीर आणि शिंपी येतात. डबल पाकळ्यांची नर्सरीतली जास्वंद नको, तिच्यात पाकळ्याच इतक्या की मधापर्यंत पोचायची मारामार.

इथे मला आपल्याच बाजूच्या काही लोकांशीपण भांडायचंय. देशी झाडांचं सोवळं पाळणारी एक जमात तयार झालीय, विदेशी दिसलं की उपटा. विलायती चेरी मूळची अमेरिका खंडातली, पण तिच्या बारीक लाल फळांवर फुलटोच्या आणि बुलबुल तुटून पडतात, वर्षभर फळ, वाढ झटपट. ती उपटून तिथे देशी म्हणून आणलेलं रोप दहा वर्षांनी फळणार असेल तर मधली दहा वर्षं बुलबुलानं काय करायचं? नवीन लावताना देशी लावा, करवंद, अडुळसा, उंबर, पांगारा, जागा असेल तसं. असलेलं उपयोगी झाड पाडू नका. घाणेरीची गोष्ट वेगळी, तिची फळं बुलबुल आवडीनं खातो हे खरं, पण तोच तिच्या बिया सगळीकडे पेरतो आणि ती टेकड्या गिळते, तेव्हा ती बागेत मुद्दाम लावायचं कारण नाही.

बाजारात मिळणाऱ्या लाकडी घरट्यांबद्दल थोडक्यात. ती चिमणी, दयाळ, साळुंकी यांना चालतात कारण हे पक्षी ढोलीत, भोकात राहणारे. बुलबुल, शिंपी, शिंजीर, नाचण यांना डबा लागतच नाही, त्यांना दाट झुडूप लागतं, तेव्हा 'सर्व पक्ष्यांसाठी' असं लिहिलेला डबा विकणाऱ्याच्या फायद्याचा जास्त. आणि मोबाइलवर दयाळाचा आवाज लावून त्याला बोलावणाऱ्यांनी तर हद्द केलीय. त्या नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो बिचारा खाणं-पिल्लं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो, आणि तुम्ही रील काढता.

मुळात गाण्याची हौस आणि जागेची बेपर्वाई ही जोडी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला गेलेल्या इंग्रजांना घरची आठवण यायची म्हणून त्यांनी जहाजातून ब्लॅकबर्ड, थ्रश, स्कायलार्क आणून सोडले, त्यासाठी रीतसर सोसायट्या काढल्या, आणि दुसरीकडे तिथलीच सुरेल पाखरं ज्या रानात गात होती ती रानं तोडून कुरणं केली. गाणं हवंय पण गाणाऱ्याचं घर नको. आपण जहाजातून काही आणत नाही एवढंच.

हे सगळं स्वप्नरंजन आहे, शहरात असले पक्षी टिकतच नाहीत असं कुणी म्हणेल. मग 2023 चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल घ्या, तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर केलेला. त्यात बहुतेक बातमी वाईटच आहे, दीर्घकाळाचा कल ज्यांचा काढता आला अशा 338 जातींपैकी साठ टक्के जाती घटल्यात. भरभराटीला आलेल्यांत पहिलं नाव अपेक्षेप्रमाणे कबुतराचं, सोबत कोकिळा आणि मोर. पण त्याच यादीत राखी वटवट्यापण आहे. हा एवढासा पक्षी, कंपाउंडच्या कडेच्या गवतात, रिकाम्या प्लॉटवरच्या झुडपांत, बागेच्या न कापलेल्या कोपऱ्यात राहतो आणि झुडपाच्या शेंड्यावर बसून तासन्‌तास ओरडत गातो. त्याला आजवर कुणी दाणा घातला नाही, कुणी डबा टांगला नाही. त्याला फक्त आपण न साफ केलेली जागा आणि तिच्यातले किडे मिळाले.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेला, एजीएमला, 'दाणे हो की नको' हा विषय अजेंड्यावर ठेवण्यापेक्षा ठराव असा मांडा. आवाराचा एक कोपरा, भिंतीकडचा, दहा बाय दहाचा असला तरी चालेल, तिथे लॉन नाही, फवारणी नाही, ब्लोअर नाही. छाटणी मे ऐवजी पावसाळा संपून घरटी रिकामी झाल्यावर, खरोखर धोक्याची फांदी सोडून. पेस्ट कंट्रोल घरात आणि गटारात, झाडांवर नाही. दाणे बंद, पण एकदम नाही, महिना-दोन महिन्यांत कमी करत. आणि मार्च ते जून दोन मातीची भांडी, रोज घासून भरायची. ते काम कुणाला द्यायचं यावर जास्त चर्चा नको, सध्या जे रोज सकाळी सहाला दाण्यांची पिशवी घेऊन खाली उतरतात त्यांनाच द्या. ऊन असो, पाऊस असो, ती मंडळी एक दिवस चुकत नाहीत, हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.